फुली सापडत नाही

जुलै 2025 मध्ये विधिमंडळात कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसला आणि सगळा महाराष्ट्र हसला. मंत्र्यांचं म्हणणं असं, की खेळ आपसूक पडद्यावर आला आणि आपण तो बंद करत होतो. विरोधकांनी हे मानलं नाही. महिनाअखेरीला त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं, तेव्हा तर लोक दुसऱ्यांदा हसले. जिंतूरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलातले आम्ही मोबाइलवरचे ल्युडोवाले मात्र दोन्ही वेळा गंभीर होतो. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक. पण फुली शोधणाऱ्या माणसाचे हाल काय असतात, ते आम्हाला ठाऊक!

जाहिरात बंद करायची फुली तिळाएवढी असते. पांढऱ्यावर पांढरी. ती लगेच येत नाही, आणि आली तरी अंगठा पोचणार नाही अशा कोपऱ्यात. आमच्या आबांची बोटं जन्मभर कापूस वेचून राठ झालेली. त्यांच्या अंगठ्याखाली अशा चार फुल्या सहज मावतील.

"आबा, फुली दाबा."

"दाबली की."

"मग?"

"कर्ज मंजूर झालं म्हणायलंय."

आता फुकटचा खेळ म्हटला की जाहिरात आलीच, एवढं आम्हालाही कळतं. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीनं 2016 साली 'लुडो किंग' आणला, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरात पोचला, तो फुकट होता म्हणूनच. (आम्ही कुठला ल्युडो खेळतो ते सांगत नाही. जिंतुरात वकील पुष्कळ आहेत.) शिवाय जाहिरातींचं आम्हाला वावडं नाही. येलदरीकडे निघा, भिंतीभिंतीवर बियाणं आणि खत. चौकात वाढदिवसाचे बॅनर, त्यावर शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची पलटण. पण भिंत कधी जागची उठून मोटारसायकलच्या आडवी आली नाही. मोबाइलवर मात्र सोंगटी घराच्या तोंडाशी आली, नेमके दोन हवेत, फासा पडला, की पडदाभर साबण!

परदेशातही हेच रडगाणं. 2008 च्या निवडणुकीत बराक ओबामांनी मोटारींच्या शर्यतीच्या गेममध्ये रस्त्याकडेला होर्डिंग लावली. खेळणारे भरधाव पुढं गेले, ओबामाही निवडून आले. ही आपल्या बॅनरची रीत झाली, तिचा त्रास नाही. उलट 2020 मध्ये 'यूएफसी 4' या मारामारीच्या गेममध्ये, तोही रोख पैसे मोजून घेतलेला, ठोसे पुन्हा दाखवताना मध्येच एका मालिकेची पडदाभर जाहिरात घुसवली. खेळाडू असे खवळले, की ईए कंपनीनं ती निमूटपणे काढून घेतली. आम्ही खवळतो तेव्हा फार तर दुसरा चहा सांगतो.

आणि आमचा स्वाभिमान तरी किती टिकाऊ? नाणी संपली की तोच खेळ विचारतो, 'व्हिडिओ बघता का? नाणी देतो.' मघाशी ज्या जाहिरातीला शिव्या घातल्या, तीच आता आबा मन लावून बघतात. कुणी मध्ये बोललं तर "थांब रे, नाणी पडायलीत."

या जाहिरातींत एक राजा असतो. वरून लाव्हा, खालून पाणी, मध्ये खिळ्या. खेळणारा मुद्दाम चुकीची खिळी ओढतो आणि राजा भाजतो. आबांचा जीव कळवळतो. "आरं लेका, ती नको ओढू! वरची ओढ!" राजाला वाचवायला म्हणून त्यांनी गेम उतरवून घेतला, तर आत नुसत्या रंगीत गोळ्या जुळवायच्या. राजा बेपत्ता. असल्याच फसव्या जाहिरातींवरून ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं 2020 मध्ये 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स'चे कान उपटले होते. आबांना ते सांगितलं. त्यांचा प्रश्न एकच : "मग राजाचं काय झालं?"

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर कायद्यानंच बंदी आणली. आमच्या पडद्यावरच्या रमीच्या जाहिराती गेल्या. पण जागा रिकामी राहते होय? आबांना हल्ली कर्ज मंजूर होत नाही, स्थळं येतात. परवा घरी ओसरीवर त्यांच्या पडद्यावर एक नटलेली वधू उभी राहिली आणि आबांना फुली काही केल्या सापडेना.

ती आजीनं शोधून दिली. चष्मा न लावता.