नजर हटवा, वायपर मिळवा

जुन्या गाडीत बटण दाबलं की काम व्हायचं. किती अरसिक! 2022 साली ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने ताशी 110 किलोमीटर वेगाने बटणं विरुद्ध पडदे अशी चाचणी घेतली. 2005च्या व्होल्वोत चार कामं 10 सेकंदांत उरकली. एमजीच्या विजेवरच्या मार्वल आरमध्ये मात्र त्याच कामांसाठी पडद्याचा 44.9 सेकंद सहवास लाभला. तेवढ्यात 1372 मीटर रस्ता मागे पडला.

जर्मनीत वायपरचा वेग पडद्यावर शोधणारा टेस्लाचालक थेट झाडांत पोहोचला. 2020मध्ये न्यायालयाने 200 युरो दंड कायम ठेवला. वर महिनाभर गाडी चालवायला बंदी. कलेची कदर नाही!

आता ब्रेकही तिसऱ्या मेन्यूत हलवावा. ‘खरंच थांबायचं आहे का?’ हे नम्रपणे विचारावं.

गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरो एनकॅप संस्था मात्र 2026पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपरला खरी बटणं मागतेय. द्यावीत की. कुठे आहेत, ते पडद्यावर दिसेलच.