दोन मागांपुरती वीज

भिवंडीत विजेबद्दल कुणाला काही शिकवायला जाऊ नये. इथल्या पोराला पाढ्यांआधी फेज कळतो. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो की व्होल्टेज पडलंय, किती पडलंय आणि कुणामुळे पडलंय. लोडशेडिंगच्या काळात लग्नाचा मुहूर्तसुद्धा ब्राह्मणाआधी लाइनमनला विचारून काढत, असं म्हणतात. पुढे जानेवारी 2007 मध्ये शहराचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझीवर गेलं. देशातला तो अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग. तेव्हापासून वीजबिलाचं जाहीर वाचन आणि त्यावरचं भाष्य हा आमच्याकडे स्वतंत्र वाङ्मयप्रकार झालेला आहे. अशा गावात भररस्त्यात गाडीची बॅटरी बसणं म्हणजे वैद्यांच्या संमेलनात शिंकणं.

माझी बॅटरी बसली ती अंजूर फाट्याजवळ, जुलैच्या पावसात. अंजूर फाट्याचं ट्रॅफिक ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी पाहिलंय ते बहुधा अजून तिथेच असतील. एका अंगाला भिवंडी रोड स्टेशनची वसई-दिवा लाइन, बाकी सगळ्या अंगांनी गोदामांचे ट्रक. देशभरातल्या लोकांनी मोबाइलवर बोट दाबून मागवलेले मिक्सर, चपला आणि कुत्र्यांची बिस्किटं इथूनच निघतात आणि इथेच थांबतात. अशा खोळंब्यात वायपर चालू, दिवे चालू, काचेवरचं धुकं जावं म्हणून एसी चालू, आणि इंजिन मात्र हळू फिरतंय. डायनामो देणार किती आणि बॅटरी खाणार किती! पुढचा ट्रक हलेना म्हणून सगळ्यांनी इंजिनं बंद केली, मीही केलं. मग तो हलला, सगळे सुरू झाले, आणि माझ्या गाडीने फक्त ‘टक’ केलं. पुन्हा किल्ली फिरवली. टक.

“गारी बंद परली काय, दादूस?” शेजारच्या टपरीवरून चौकशी आली. चौकशी करणारा एक होता, बोनेट उघडेपर्यंत सात-आठ झाले. गाडी ढकलून कडेला लावली आणि सभेला सुरुवात झाली.

धक्का मारून चालू करू, हा पहिला ठराव. दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, वेग आला की सोडायचा. पण वेग यायला पुढे रस्ता रिकामा लागतो. अंजूर फाट्यावर रिकामा रस्ता! ठराव हसण्यावारी गेला.

मग एका ट्रकवाल्याने मोठ्या मनाने आपली बॅटरी देऊ केली. “एक सेकंद लगेगा,” तो म्हणाला. खरंच एकच सेकंद लागला असता. मोठ्या ट्रकची वीज 24 व्होल्टची, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, कारची बाराची. दोन्ही बॅटऱ्यांची जोड तशीच लावली तर कारचं इलेक्ट्रॉनिक डोकं जळायला तेवढा वेळ पुरे. दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेता येतं, पण ती कुठली आणि तिचं टर्मिनल कुठलं यावर ट्रकवाला आणि त्याचा क्लीनर यांच्यातच मतभेद निघाले. पलीकडे एक छोटा हत्ती टेम्पो उभा होता, तो बाराचाच. त्याचा चालक हात जोडून म्हणाला, “माझी बंद केली तर माझीपण चालू होणार नाही. सकाळपासून चालूच ठेवलीय.”

शेजारून बारीकसारीक हजार बॅटऱ्या सरकत होत्या आणि आमच्या वाट्याला आला एक बुलेटवाला. सीटखालून आठ अँपिअर-अवरची, हातात मावेल एवढी बॅटरी काढून त्याने उघड्या बोनेटखाली ठेवली. माझी 35 ची. जमावात शांतता पसरली.

ती एका वयस्क मागवाल्यांनी मोडली. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. “सेल्फ किती खातो?” त्यांनी गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका पोराला विचारलं.

“दीडशे अँपिअर धरा, चाचा.”

चाचांनी बोटांवर हिशेब केला. ओढताना व्होल्टेज दहापर्यंत पडणार. दहा गुणिले दीडशे, पंधराशे वॅट. 746 वॅटचा एक एचपी. “म्हणजे दोन घोडे. दोन माग!” त्यांनी बुलेटच्या बॅटरीकडे पाहिलं. “ह्याच्यावर दोन माग चालवणार तुम्ही?”

“दोन सेकंदच चालवायचेत, चाचा.”

पोराला हे कुणी शिकवलं नसावं, पण त्याचं उत्तर हुबेहूब मोटारीचा सेल्फ बनवणाऱ्या चार्ल्स केटरिंगचं होतं. सेल्फची मोटर इंजिनाएवढीच मोठी लागेल, ती गाडीत मावणार नाही, असं तेव्हाचे जाणकार म्हणत होते. केटरिंग आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवून आलेला. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो, मग लहान मोटरलाच क्षणभर मरेस्तोवर राबवली तर? 1912 च्या कॅडिलॅकला त्याचा सेल्फ लागला आणि हँडल मारताना मनगटं मोडून घेण्याची जुनी प्रथा हळूहळू संपली. चाचांना मात्र ती प्रथा प्रिय होती. “आमच्या फियाटला हँडल होतं,” ते म्हणाले, आणि नव्या गाड्यांकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहून मान हलवली.

वायर कुणीतरी माग-कारखान्यातून आणली, घरातल्या प्लगला असते तशी. पोराने ती परत पाठवली. दीडशे अँपिअर तिच्यातून गेले असते तर आधी ती पेटली असती. शेवटी जाड केबल आणि चिमटे दिले ते त्याच ट्रकवाल्याने. लाल चिमटा आधी माझ्या प्लसला, मग बुलेटच्या प्लसला. काळा बुलेटच्या मायनसला आणि उरलेला माझ्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन सुटत असतो. हे सांगत असतानाच एक गृहस्थ विडी ओढत नीट बघायला वाकले. त्यांना चौघांनी उचलून मागे ठेवलं.

“आता मारायचा?” मी विचारलं.

“आता चहा प्यायचा,” पोरगा म्हणाला.

खरी युक्ती हीच होती. लहान बॅटरी एका दमात मोठी कार ओढत नाही, पण वायरी जोडून दहा मिनिटं सोडल्या तर मोठीच्या पोटात थोडं थोडं घालते, आणि मग दोघी मिळून एकदाच जोर लावतात. मोठी अगदीच मेलेली असेल तर यातलं काही होत नाही. माझी नुसती उपाशी होती. चहाचे पैसे मी दिले. प्रेक्षक धरून.

किल्ली फिरवली. घर्र... घर्र... घ... आणि इंजिन लागलं. टाळ्या पडल्या. बुलेटवाल्याने बॅटरी परत बसवली, सेल्फ दाबला. टक. नव्या बुलेटला किकही नाही. त्याच मंडळींनी लगेच त्याला ढकललं. बुलेट मावेल एवढी फट अंजूर फाट्यावरही सापडते. धडधडत जाताना तो ओरडला, “बंद करू नका हां!”

मी थेट बॅटरीच्या दुकानात गेलो, इंजिन चालू ठेवून. दुकानदाराने सगळी हकिगत ऐकली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे म्हणाला, “बाइकच्या बॅटरीने कार चालू होत नाही.”

“अहो, झाली. ही काय, चालू आहे.”

“होत नाही. बंद करा.”

मी बंद केली.

“आता मारा सेल्फ.”

टक.

“बघा,” तो म्हणाला आणि पाना आणायला आत गेला.