चैत्रगौरीपुढचं थडगं

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या, तिथून आवाज चढवावा लागतो. कोपऱ्यावरच्या काकूंनी चैत्रगौरीच्या आरासीत थडगं मांडलं होतं! हसताय काय? थडगंच. कलिंगडाचं कमळ आणि करंज्यांचं ताट यांच्या बरोब्बर मधे.

तुम्ही त्या दिवशी नाशिकला होतात, म्हणून मुकलात. आम्ही आंब्याची डाळ खातोय, आणि काकूंनी तो ठोकळा उचलून हातोहात फिरवायला दिला. काचेसारखा आरपार, पण काच नाही, अ‍ॅक्रिलिक. ल्युसाइट म्हणतात त्यांच्यात. मुठीएवढाच, पण चांगला जड. आत एक इवलासा छापील कागद, आपण चायना ग्रासमध्ये चेरी सोडतो ना, तसा अधांतरी. काकू म्हणाल्या, "न्यूयॉर्कहून आलाय. आमच्या बाळाने दोन सॉफ्टवेअर कंपन्यांचं जमवून दिलं, त्याची खूण." जमवलं म्हणजे एकीने दुसरीला विकत घेतलं हो! बाळ तिथल्या बँकेत आहे, हे व्यवहार जुळवायचं काम. आणि बाळ कसला, चाळिशी उलटली... तर काय सांगत होते, कुणीतरी विचारलं, "याला म्हणायचं काय?" त्यांची नात फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "डील टॉय. नाहीतर टूमस्टोन. म्हणजे थडग्याचा दगड, आजी."

अहो, काकूंचा हात कुंकवाच्या करंड्यावरच थांबला!

माझे भाचेजावई त्याच लाइनमधले, त्यांना रात्री फोन लावलाच मी. तर म्हणे पूर्वी असा व्यवहार झाला की पेपरात जाहिरात यायची. चित्र नाही, काही नाही. चौकट, कंपनीचं नाव, रक्कम आणि खाली बँकांची नावं. दिसायची थडग्यावरच्या अक्षरांसारखी, म्हणून ते नाव. तीच बारीक करून ठोकळ्यात घालायला लागले. आता चिपच्या आकाराचे काय, ढगाच्या आकाराचे काय, हवे तसे करून घेतात.

पण खरी गंमत नावांची. कुणाचं वर, कुणाचं खाली, कुणाचं टाइप मोठं! अगदी आपली लग्नपत्रिका. तुमच्या पुतण्याच्या पत्रिकेत धाकट्या आत्याचं नाव शेवटी गेलं तेव्हा काय झालं होतं... जाऊ दे, तो विषय नको. तर 1979 साली आयबीएमला 100 कोटी डॉलरचं कर्ज उभारायचं होतं. मॉर्गन स्टॅन्ली ही त्यांची जुनी बँक, जणू घरचे भटजीच. आयबीएम म्हणाली, या खेपेला सॅलोमन ब्रदर्सही बरोबरीने असू दे. झालं! मॉर्गन स्टॅन्लीवाले म्हणाले, आम्ही एकटे असलो तरच. आयबीएमने त्यांना सरळ वगळलं आणि सॅलोमनबरोबर मेरिल लिंचला घेतलं. पण ऐका तरी, दोनच दिवसांत अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेने व्याजाचं सगळं गणित उलटंपालटं केलं, रोख्यांचे भाव कोसळले, आणि मान मिळालेल्यांचे हात चांगलेच पोळले. रुसलेले वाचले!

आणि फारकत झाली तरी हे ठोकळे काही कुणी परत मागत नाही, आहेरासारखंच. एओएल आणि टाइम वॉर्नरचं 2000 साली केवढ्या थाटात ठरलं! 2002 मध्ये जवळजवळ 9,900 कोटी डॉलरचा तोटा, 2009 मध्ये वेगळ्या चुली.

तर काय सांगत होते... हां, काकू. हळदीकुंकू चालू असतानाच सुनेचा व्हिडिओ कॉल आला. ती वकील, तिकडेच. काकूंनी कौतुकाने ठोकळा स्क्रीनपुढे धरला. ती म्हणाली, "अय्या, तो तिकडे नेलात होय? माझे ऑफिसात आहेत, सात. धूळ बसते नुसती." सात! वकिलांनाही मिळतात म्हणे, हे कुणाला ठाऊक? खोलीत सगळ्या एकदम पन्ह्याच्या पेल्यात बघायला लागल्या. काकूंचा चेहरा असा झाला, जणू डाळीत मीठच नाही. मग म्हणाल्या, "हो, पण याचा मोठा आहे."

भाचेजावई आणखी एक सांगत होते. तिकडे या धंद्यात भेटवस्तूंच्या किमतीवर बंधन आहे, पण हा ठोकळा त्यातून सुटतो. का? तर निव्वळ शोभेचा, कशाच्या उपयोगाचा नाही म्हणून. नियमातच तसं लिहिलंय हो!

आता परवाचं ऐका. मी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेले. पलीकडे काकूंच्या गच्चीत साबुदाण्याच्या पापड्या घातलेल्या, प्लॅस्टिक वाऱ्याने फडफडत होतं. तीन कोपऱ्यांवर विटा. आणि चौथ्या कोपऱ्यावर, उन्हात नुसता लखलखत...