कूपन एकच

रात्रभर धावलो असं ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठून कुठे?’ ‘तिथूनच तिथे,’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांतला आदर झपाट्यानं ओसरतो. पनवेल ते खोपोली म्हटलं असतं तर चहा तरी सुटला असता.

स्टेडियम रनमध्ये अंतर नाही, वेळ ठरलेली असते. बारा तास, चोवीस तास, काय झेपेल ते. चारशे मीटरच्या ट्रॅकवर फिरत राहायचं. घोट्याला चिप, दर फेरीला मशीनचं ‘टुंई’, आणि वळणाचा भार एकाच पायावर येऊ नये म्हणून काही तासांनी दिशा उलटी.

मी हा प्रकार निवडला तो निव्वळ प्रतिष्ठेपायी. रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये शेवटचा माणूस लपत नाही. त्याच्या मागे रुग्णवाहिका आणि बॅरिकेड उचलणारी पोरं असतात. गोल ट्रॅकवर शेवटचा कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पहिल्या नंबरचा धावपटू अधूनमधून माझ्या दहा पावलं मागे असायचा, आणि बघणाऱ्यांना वाटायचं मीच पुढे आहे. त्या रात्री त्यानं सगळ्यांत जास्त वेळा कुणाची पाठ पाहिली असेल तर ती माझी. आयोजकांनी मोठा पडदा लावून या सुखावर पाणी ओतलं. त्यावर क्रमवारी झळकायची, आणि माझं नाव यायला तीन पानं सरकावी लागायची.

गोल फिरण्याला हसणाऱ्यांसाठी मी न्यूयॉर्कच्या क्वीन्सचा दाखला तयार ठेवतो. श्री चिन्मय यांच्या अनुयायांची 3100 मैलांची शर्यत तिथे 1997 पासून होते, आणि ती कुठे, तर एका शाळेभोवतीच्या फुटपाथवर! फेरी 883 मीटरची, फेऱ्या 5649, मुदत 52 दिवस. सकाळी सहा ते मध्यरात्र, रोज सरासरी 96 किलोमीटर. 2015 मध्ये फिनलंडच्या अश्प्रिहानल आल्टोनं हे काम 40 दिवस 9 तासांत उरकलं. हा गृहस्थ पेशानं कुरिअरवाला. एवढी पायपीट करून पार्सल निघालं त्याच पत्त्यावर! मला मात्र त्या शाळेच्या वॉचमनची काळजी वाटते. आमच्या सोसायटीला परक्या माणसानं दुसरी चक्कर मारली तरी ‘कुनाकडं जायचंय?’ असा सवाल होतो. पाच हजाराव्या चक्करीला वॉचमननं काय विचारावं? आणि आल्टोनं कुठला फ्लॅट नंबर सांगावा?

असो. पहाटे तीननंतर विनोद सुचत नाही. तेव्हा ट्रॅकच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसलेली बायको तेवढी ओळखू येते. मांडीवर पोळ्यांचा डबा, झाकणात सालासकट उकडलेले बटाटे, वर जाड मीठ. घामातून मीठ जातं, वर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, हे तिनं माझ्याआधी वाचून ठेवलेलं. ‘अहो, आधी बटाटा. आणि पलीकडच्या वळणावर लंगडताय, ते इथून दिसतं मला.’ सगळ्या मैदानात एकट्या तिलाच माझी पाठ फसवू शकली नाही. धावणाऱ्याला निदान नशा असते, पदक असतं. बसून जागणाऱ्याला फक्त डास.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर एका पोरानं तिला विचारलं, ‘मॅडम, तुमचा बिब नंबर?’ नव्हता. कूपन धावणाऱ्यालाच. रात्रभर पायांना आला नव्हता एवढा ठणका तेव्हा डोक्यात गेला. मी माझ्यातले अर्धे पोहे तिला दिले आणि तो त्याग अजून चारचौघांत सांगत हिंडतो.

आयोजकहो, विनंती एवढीच: पडदा लहान लावा, आणि नाश्त्याची कूपनं दोन द्या.