रबरी अंगठ्याचे दिवस

सरकारचा आपल्या लाभार्थ्यांवर भारी जीव. ‘आपली माहिती कोणाला देऊ नका’ असं ते आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात फोनमधून बजावत होतं, आता बँकेच्या भिंतीवरून बजावतं. मग त्याच भिंतीखालच्या खिडकीतून एक हात बाहेर येतो आणि म्हणतो, ‘आधारची झेरॉक्स द्या. दोन द्या.’ दुसरी कशाला, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारणाऱ्याचा अर्ज त्रुटीत जातो.

आमच्या कोळसाखाणींच्या घुग्घुसात एखाद्या काकूंच्या आधारच्या झेरॉक्स कुठंकुठं आहेत, याचा हिशेब मांडून पाहा. गॅस एजन्सीत एक, सिमकार्डवाल्याकडं एक, बचत गटाच्या फायलीत एक, हप्ते गोळा करणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या पोराच्या बॅगेत एक. बांधकाम कामगारांना मिळतो तो भांड्यांचा सेट तुम्हालाही मिळवून देतो, म्हणत जो एजंट दारी आला, त्यानं चार नेल्या. काकूंनी जन्मात कोणाच्या घराची वीट उचललेली नाही; पण कागदोपत्री त्यांनी नव्वद दिवस गारा कालवला. सेट काही आला नाही. कागदावरच्या काकू मात्र अजून कामावर असतील, आणि त्यांची मजुरी कोण उचलतं ते त्या एजंटालाच ठाऊक.

ओटीपीचं गुपितही असंच जपलं जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बहिणींना ई-केवायसीचा हुकूम सुटला: आधी स्वतःच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा. ज्यांचे दोघंही वर गेलेले, त्यांनी ओटीपी कुठून मागवायचा, हा प्रश्न सरकारला उशिरा सुचला. सुविधा केंद्रापुढं ही रांग. आतला पोरगा कीबोर्डवरून नजर न काढता ओरडतो, ‘काकू, ओटीपी सांगा!’ सिम नातवाच्या फोनात आणि नातू कोळशाच्या ट्रकवर. काकू शेजारणीच्या फोनवरून त्याला फोन लावतात, तो तिकडून सांगतो, काकू इकडं खणखणीत आवाजात सहा आकडे म्हणतात. पोरगा ते आणखी मोठ्यानं परत वाचतो, खात्री म्हणून. सगळ्या रांगेचे पाठ होतात. त्याच्या डोक्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं, ‘ओटीपी गोपनीय ठेवा.’

दोष एकट्या त्या पोराचा नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं खरोखर शहाणपणाची गोष्ट सांगितली होती: आधारची झेरॉक्स कोणाला देऊ नका, दुरुपयोग होऊ शकतो, द्यायचंच तर शेवटचे चार आकडे तेवढे दिसणारं मास्क्ड आधार द्या. देशभर गलका झाला. दोन दिवसांत सूचना मागं घेण्यात आली आणि सांगण्यात आलं, नेहमीचं तारतम्य बाळगा. तेव्हापासून तारतम्य आमच्याकडं आणि झेरॉक्स त्यांच्याकडं, अशी वाटणी झालेली आहे.

या वाटणीत खोट्या माणसांचं पीक मात्र भरघोस आलं. २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका गृहस्थानं बायकोचे निरनिराळ्या पेहरावांतले फोटो आणि दुसऱ्यांचे आधार क्रमांक वापरून लाडक्या बहिणीचे तीसेक अर्ज भरले आणि त्यांतल्या बहुतेकांचे पैसेही उचलले. बिंग फुटलं ते खारघरच्या एका बाईंचा स्वतःचा अर्ज अडला म्हणून. त्यांच्या क्रमांकावर अर्ज आधीच भरलेला होता! २०२५ च्या जुलैत कळलं, की १४,२९८ पुरुषही बहिणी होऊन बसले होते आणि एकवीस कोटींवर ओवाळणी त्यांच्या खात्यात गेली होती. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यानं तर कमाल केली. तिथल्या शेंदुरसनी या चिमुकल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी तीन महिन्यांत २७ हजारांवर जन्मनोंदी निघाल्या. गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास. एवढ्या बाळंतपणांना सुईणी कुठून आणल्या, याचाही एकदा तपास व्हावा.

गंमत अशी, की खोट्या माणसाला कुठलीच खिडकी परत पाठवत नाही. त्याचे कागद पूर्ण असतात, कारण त्याचा धंदाच कागदांचा. अडतो तो खरा माणूस.

अंगठ्याचंच घ्या. सिमेंट, कोळसा आणि धुणीभांडी यांत रेषा झिजलेला अंगठा पैसे काढायच्या मशीनवर उठत नाही. पदराला पुसा, कपाळाला घासा, परत दाबा. ‘फेल झालं काकू, अजून एकदा.’ पावती मागावी तर रोल संपलेला. दोनदा दाबलेल्या अंगठ्यातला एक काकूंसाठी उठला आणि दुसरा कोणासाठी, हे महिन्याभरानं पासबुकात उमटतं. उलट, दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवणाऱ्या आणि त्यांवर लोकांची खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या देशात पकडल्या गेल्या आहेत. त्यांचा अंगठा पहिल्या दमात उठतो. रबराला भांडी घासावी लागत नाहीत.

जमीन खालून पोखरली जाते म्हणजे काय, हे घुग्घुसला नव्यानं सांगायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातलं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खालचा कोळसा कधीचाच निघाला होता. वर मात्र त्या दिवसापर्यंत भिंती, दार, अंगण सगळं जागच्या जागी. लाभार्थ्याचं खातं असंच असतं. यादीत नाव आहे, फोटो आहे, मंजुरी आहे, आणि आधार खालून भलत्याच बँकेला जोडलेलं. थेट लाभाचा पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं गेलं, तिथं जातो. हे काकूंना हप्ता बुडाल्यावर कळतं.

तर आपल्या वाट्याचं तारतम्य आपण बाळगू या. आधार कोणत्या बँकेला जोडलंय, ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवं लिहून द्यावं. पावती निघाल्याशिवाय दुसऱ्यांदा अंगठा दाबू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाईल आली, तर ती शेतकऱ्याला वर्षाचे सहा हजार देणारी नसून फोनातले असतील तेवढे नेणारी असते. गटाच्या अ‍ॅडमिननं पाठवली असली तरी उघडू नये, कारण बहुधा त्याचा फोन आधीच गेलेला असतो. बायोमेट्रिकला कुलूपही लावता येतं. पण मग रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. म्हणजे दर महिन्याला उघडा, तांदूळ घ्या, परत लावा. किल्ली स्मार्टफोनात आणि स्मार्टफोन पुन्हा ट्रकवर. पैसे गेलेच, तर लगेच सायबर हेल्पलाइनच्या १९३० ला फोन करावा आणि बँकेत लेखी द्यावं. लुबाडणारा त्रयस्थ असेल, चूक आपली नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड ग्राहकावर नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. त्या तीन दिवसांत पासबुक छापायचं मशीन चालू असावं, एवढी प्रार्थना आपण करायची.

हे सारं काकूंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘येवढं सगळं मीच करू, तं साहेब काय करते जी? आता कोनी झेरॉक्स मांगतली का मी बी त्याच्या आधारची मांगतो. उद्या माह्या नावानं काही झालं, तं कोनाच्या दारात जाऊन उभं राहाव हे मले मालूम पाहिजे.’

बोलल्याप्रमाणे काकूंनी पुढच्याच खिडकीवर मागितली. साहेब ताडकन उठून उभे राहिले. ‘बाई, ती माझी खासगी माहिती आहे. अशी कोणालाही देता येत नसते!’