नेमकं काय पाह्यजे?

प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काका असे असतातच, ज्यांना साधा प्रश्न विचारायची सोय नसते. धारणीतल्या स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या ग्रुपवरचे काका निवृत्त ग्रंथपाल. प्रोफाइलवर लिहिलंय, 'संदर्भसेवा : रात्री ८ ते १०'.

पोरगं घाईत विचारतं, "काका, मेळघाटची माहिती टाका न."

"नेमकं काय पाह्यजे?"

"वाघांची."

"वाघांचं नेमकं काय? संख्या, इतिहास, का गावांचं पुनर्वसन?"

"इतिहास."

"कधीपासूनचा?"

इथं रेंज जाते. पोरगं झोपतं, काका नाही. सकाळी ग्रुपवर उत्तर हजर : 'व्याघ्र प्रकल्प १९७३चा. देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट आहे. पण तुले त्याच्या आधीचं पाह्यजे का?'

एकदा काकूंनी चुकून ग्रुपवरच टाकलं, "येताना भाजी आना." काकांनी लगेच विचारलं, "नेमकी कोणती?" त्यावर काकूंनी जे लिहिलं, ते कोणी वाचायच्या आत डिलीट झालं.

फार छेडलं की काका रंगनाथन काढतात. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं, १९३१ सालची. चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा. "मंग आमचा कायले खाता?" असं एकानं विचारलंच. काका म्हणाले, "भलतंच पुस्तक वाचून परत येशील, त्याच्यात जास्त जाते गा."

आता पोरांच्या मोबाइलमध्ये चॅटबॉट आला. तो उलट प्रश्न विचारत नाही, रेंज असली की क्षणात उत्तर देतो. एका कोरकू पोरीला त्यानं सफाईदार मराठीत सांगितलं, की कोरकू ही द्राविडी भाषा. पोरीनं ते ग्रुपवर टाकलं. काकांनी विचारलं, "कोरकू का गोंडी?" गोंडी द्राविडी, कोरकू मुंडा कुळातली, संथाळीची नातलग. मग रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथाचा तिसरा खंड निघाला आणि कोरकूंवरच्या पानांचे फोटो एकेक करून येऊ लागले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात काकांचा अंगठा, जांभळ्या शाईनं माखलेला. घरची पुस्तकंसुद्धा ते तारखेचा शिक्का मारूनच देतात.

पोरीनं सगळी पानं वाचली आणि लिहिलं, "काका, आमच्याबद्दल असं कायले लिहिलं यायनं?"

'टायपिंग' बराच वेळ दिसत राहिलं. आम्ही सगळे उलट प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तर आलं, "साहेबानं बाहेरून पाह्यलं. आतून पाहून तू लिही. पुस्तकं मी देतो."

हा माणूस डोकं खातो, हे मी मागं घेत नाही. पण १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली सरकार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा वर्ग देतं. पोरांच्या प्रश्नांसाठी रात्र जागवणाऱ्या ग्रंथपालाला वर्ग नाही. तेव्हा पोरांनो, उत्तर मिळाल्यावर निदान 'मिळालं काका' एवढं तरी लिहीत जा.