मधला रस्ता

राज्यघटनेतली सत्तेची विभागणी बेंगळुरूत फुकट पाहायला मिळते. डॉ. आंबेडकर वीधीच्या एका अंगाला विधानसौध, समोर लाल रंगाचं उच्च न्यायालय, मधून वाहनांचा लोंढा. ‘सरकारचं काम हे देवाचं काम’ असं विधानसौधावर कोरलेलं आहे. देवाच्या कामात कोर्टाने कशाला लुडबुड करावी?

जून 2017 मध्ये विधानसभेला हा रस्ता ओलांडणंही जिवावर आलं. आमदारांविरुद्ध लिहिल्याबद्दल तिने दोन संपादकांना हक्कभंगात धरलं आणि एक वर्षाची कैद व 10,000 रुपये दंड स्वतःच ठोठावला. फिर्यादी आमदार, निवाडाही आमदारांचाच. तारखांवर तारखा नाहीत, वकिलाची फी नाही. न्याय झटपट मिळत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद.

पण खरी करामत जुलै 2019 ची, आणि तिच्यात आपला मराठी हातभार आहे. बेळगावातल्या एका पाटीवरून एसटीच्या काचा फोडणारी ही दोन राज्यं. पण काँग्रेस-जनता दलाचे राजीनामे दिलेले आमदार मुंबईत पवईच्या हॉटेलात उतरले तेव्हा सीमावाद कुणाला आठवला नाही. त्यांची समजूत काढायला खुद्द कर्नाटकाचे मंत्री डी. के. शिवकुमार आले. हॉटेलात शिवकुमारांची खोली आरक्षित होती, तरी मुंबई पोलिसांनी त्यांना दाराबाहेर पावसात थोपवलं आणि शेवटी ताब्यात घेतलं. पाहुण्यांच्या झोपेची एवढी काळजी आपल्या पोलिसांनी क्वचितच घेतली असेल.

मग प्रत्येक संस्थेने आपापलं कर्तव्य चोख बजावलं. 23 जुलैला विधानसभेत 99 विरुद्ध 105 मतांनी काँग्रेस-जनता दलाचं कुमारस्वामी सरकार पडलं. अध्यक्ष रमेशकुमार यांनी 17 आमदार अपात्र ठरवले, तेही विधानसभेची मुदत संपेपर्यंत. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अपात्र ते खरेच. पण निवडणूक लढवायला हरकत नाही. डिसेंबरात मतदारांनी त्यांतल्या बहुतेक उमेदवारांना निवडून दिलं. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांतले दहा जण नव्या सरकारात मंत्री झाले. अध्यक्षांनी अपात्र म्हटलं, कोर्टाने अपात्र म्हटलं, म्हणून राहिलेल्या तिसऱ्या शाखेने त्यांना सामावून घेतलं. विभागणी म्हणतात ती हीच.

2022 साली आमचे बंडखोर आमदार मात्र सुरतेहून गुवाहाटीला गेले. पवईत खोल्या रिकाम्या नसाव्यात.